मोडीत निघणाऱ्या ट्रॉल्या आणि तलावांतील गाळ

अवजार विकत घेताना शेतकरी दहा जणांस विचारतो, दोन बाजार पालथे घालतो आणि पैसा मोजताना हात आखडता घेतो. परंतु तेच अवजार मोडीत घालताना तो फारसा विचार करीत नाही. अंगणात जागा अडली, टायर गेले, घरी नवे आले, एवढी कारणे त्यास पुरतात. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत ट्रॅक्टरमागच्या जुन्या डंपिंग ट्रॉल्यांची हल्ली हीच गत झालेली दिसते. एके काळी जिने विहिरीचा दगड, घराचा मुरूम, बांधाची माती आणि उकिरड्याचे खत वाहिले, ती ट्रॉली आता लिंबाखाली गंजत पडली आहे, किंवा किलोच्या भावाने भंगाराच्या काट्यावर चढत आहे. मातीकामाचे ठेके हायवासारख्या मोठ्या टिपरांकडे गेले, ऊस वाहण्यास लांबलचक जोडट्रॉल्या आल्या. मधल्या मध्ये ही ब्रास-सव्वा ब्रासची जुनी ट्रॉली कोणाचीच राहिली नाही. आमचे म्हणणे असे की, तिचे खरे काम अजून व्हावयाचेच आहे. ते काम म्हणजे गावच्या तलावातला गाळ गावच्याच शिवारात नेऊन टाकणे. मात्र ती आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत तिला रस्त्यावर आणता कामा नये, हेही आम्हांस तितक्याच स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

प्रथम या वाहनाचा पूर्ववृत्तांत थोडक्यात पाहू. ओढणारे यंत्र वेगळे आणि भार वाहणारा गाडा वेगळा, ही कल्पना बैलगाडीइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९२० व १९३० च्या दशकांत धरणांची व रस्त्यांची मोठी मातीकामे निघाली, तेव्हा साखळीपट्ट्यांच्या ट्रॅक्टरमागे माती खरवडणारे व ओतणारे गाडे जोडून ती केली गेली. या कामी आर. जी. लटूर्नो या कारखानदाराचे नाव प्रसिद्ध आहे. पुढे स्वतःच्या इंजिनावर पळणारे डंपर निघाले आणि मोठ्या कामांवरून ट्रॅक्टरमागचे गाडे मागे पडले. शेतीत मात्र ते टिकले. त्याचे पुष्कळसे श्रेय हॅरी फर्ग्युसन यांजकडे जाते. १९४६ पासून इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे त्यांचा लहान ट्रॅक्टर तयार होऊ लागला. त्यामागे जोडावयाची तीन टनी उलटणारी ट्रॉली त्यांनी काढली. तिचा आस मागे सरकवलेला असे; त्यामुळे भाराचा काही हिस्सा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येई व चाके घसरत नसत. शिवाय ट्रॅक्टरच्याच तेलदाबावर ट्रॉलीचा जॅक चाले. आज आमच्या गावोगावी दिसणारी दोन चाकांची डंपिंग ट्रॉली याच तत्त्वावर चालते.

आपल्या देशात ट्रॅक्टर बनू लागले ते १९५९ पासून. त्या वर्षी फरिदाबाद येथे आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. पाठोपाठ मॅसे फर्ग्युसन, इंटरनॅशनल, एचएमटी हे ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर कारखान्यातून आला, पण ट्रॉली बहुधा तालुक्याच्या गावच्या वेल्डिंगच्या दुकानातूनच आली. मोडलेल्या ट्रकचा आस, त्याच ट्रकचे पाटे, बाजारातले अँगल आणि पत्रा, एवढ्या सामानावर आमच्या कारागिरांनी ट्रॉल्या उभ्या केल्या. त्यांच्या कौशल्याचे कौतुक करावे तितके थोडे आहे. तथापि या घरगुती रचनेत एक उणीव पहिल्यापासून राहून गेली: भार उचलण्याची व ओतण्याची सोय झाली, पण भार थांबविण्याची सोय झाली नाही. याचा विचार पुढे येईल.

आता कामाकडे वळू. मराठवाड्यातील वडीलधाऱ्या मंडळींस १९७२ चा दुष्काळ सांगावा लागत नाही. त्या वर्षी वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर गेली, पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या दुष्काळात व त्यानंतरच्या वर्षांत गावोगाव पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते झाले. ती माती यंत्राने वाहिली नाही. कुदळ, फावडे आणि घमेले यांवर, रांगेत उभ्या राहिलेल्या स्त्रीपुरुषांच्या डोक्यावरून ती बांधावर चढली. आज त्या तलावांस पन्नास वर्षे होत आली. बालाघाटच्या उतारांवरून दर पावसाळ्यात धुपून आलेली माती त्यांच्या पोटात बसली आहे. ज्या तलावात पूर्वी फेब्रुवारीपर्यंत पाणी राही, तो आता संक्रांतीलाच तळ दाखवितो, ही तक्रार कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, जळकोट या बाजूस कोठेही ऐकू येते. वरच्या बरड शेतातली जी कसदार माती वाहून गेली, तीच खाली तलावात पडून आहे. म्हणजे एकीकडे तलाव भरला मातीने आणि दुसरीकडे शेत रिते झाले मातीवाचून. एकाची अडचण तीच दुसऱ्याची गरज, अशी सोयीची स्थिती शेतीत क्वचितच आढळते.

गाळाची उपेक्षा किती महाग पडते, हे लातूरकरांनी २०१६ साली अनुभवले. मांजरा धरण आटले आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीच्या टाक्यांनी शहरास पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात लातूरच्या नागरिकांनी लोकवर्गणी गोळा करून साई ते नागझरी या सुमारे १८ किलोमीटरच्या टप्प्यात मांजरा नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम हाती घेतले. संकट आल्यावर लोक एक होतात, हे त्यातून दिसले. परंतु आमचा प्रश्न असा की, आगगाडीची वाट पाहण्याची पाळी येण्यापूर्वी दरवर्षी थोडे थोडे तेच काम गावपातळीवर का होऊ नये?

शासनाने या कामास वाट करून दिलेली आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली निघाली व २०२३ साली ती नव्याने चालू करण्यात आली. गाळ उकरण्याच्या यंत्राचा व इंधनाचा खर्च योजनेतून किंवा सेवाभावी संस्थांच्या साहाय्याने व्हावा आणि शेतकऱ्याने तो गाळ शेतात वाहून न्यावा, अशी तिची मूळ मांडणी आहे. २०२३ च्या निर्णयाने एक महत्त्वाची भर पडली. अत्यल्पभूधारक व अल्पभूधारक शेतकरी, विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबे यांस गाळ शेतात पसरण्यासाठी घनमीटरास ३५ रुपये ७५ पैसे या दराने अनुदान ठरले. एकरी ४०० घनमीटर गाळाची आणि अडीच एकरांची मर्यादा त्यास आहे. एकूण रक्कम ३७,५०० रुपयांपलीकडे जात नाही.

या आकड्यांचे शेतकऱ्याच्या मापात रूपांतर करून पाहणे बोधप्रद ठरेल. १०० घनफुटांचा एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि पावणेदोन फूट खोल अशी जुनी ट्रॉली काठोकाठ भरली असता १०५ घनफूट, म्हणजे ब्रासाहून किंचित अधिक माल घेते. तेव्हा ब्रासाची एक खेप धरली तर ४०० घनमीटर गाळास सुमारे १४१ खेपा लागतील. हा गाळ एका एकरावर सारखा पसरला तर चार इंचांचा थर बसतो. दर खेपेस अनुदानाचे सुमारे १०१ रुपये पडतात. जाऊन येऊन, भरणे व ओतणे धरून एका खेपेस अर्धा तास लागतो असे मानले, तर दहा तासांच्या दिवसात वीस खेपा होतील आणि एकट्या ट्रॉलीस एका एकराकरिता सात दिवस लागतील. तोवर उकरणारे पोकलेन बराच वेळ हात जोडून उभे राहील, कारण त्याला एक ट्रॉली भरण्यास काही मिनिटेच पुरतात. परंतु त्याच ठिकाणी पाच ट्रॉल्या लागोपाठ लागल्या, तर तो एकर दीड दिवसात उरकतो आणि यंत्रही रिकामे राहत नाही. यावरून दोन गोष्टी उघड होतात. एक, गाळाचे काम एकट्याने करण्याचे नाही. दुसरी, गावात पडून असलेल्या चार-पाच जुन्या ट्रॉल्या एकत्र आल्या, तर त्या कोणत्याही मोठ्या टिपराइतक्या उपयोगी आहेत.

येथे कोणी म्हणेल की, हायवा एका खेपेत पाच-सहा ब्रास नेतो, मग या जुन्या डब्यांचा हट्ट कशास? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पाच-दहा कोसांवर डांबरी रस्त्याने मुरूम न्यावयाचा असेल, तर हायवाच स्वस्त पडेल हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. परंतु पाझर तलाव ते शेत हे अंतर बहुधा कोस-अर्ध्या कोसाचे असते. मध्ये पाणंद, ओढा, बांध आणि वळणे असतात. ज्या वाटेने जेमतेम बैलगाडी जाते तेथे दहा-बारा चाकांचे वाहन जाऊ शकत नाही. गेले तर वाट राहत नाही. दुसरे असे की, भरलेल्या हायवाच्या मागच्या एकेका आसावर जो भार येतो, तो आमच्या ट्रॉलीच्या आसावर येणाऱ्या भाराच्या सुमारे दुप्पट असतो. काळ्या जमिनीत थोडी ओल असता असे वाहन फिरले म्हणजे खालची माती दगडासारखी दबते आणि पुढे नांगराचा फाळ तेथे चढत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोठे वाहन बोलावणे मोठ्या शेतकऱ्यास परवडते. म्हणून जेथे वाहतूक फक्त हायवावर अवलंबून असते, तेथे गाळ रस्त्याकाठच्या मोठ्या शेतात जातो आणि आडरानातल्या दोन एकरवाल्याच्या वाट्यास तलावातली खाच येते. लहान ट्रॉली ही लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाऊ शकते, हाच तिचा मोठेपणा होय.

गाळ कोठे टाकावा याविषयी दोन शब्द येथेच सांगणे अवश्य आहे. नाही तर उत्साहाच्या भरात खर्च करून नुकसान पदरी यावयाचे. गाळ हा बारीक चिकण मातीचा असतो. मुरमाड, बरड, पाणी न धरणाऱ्या जमिनीस तो अमृतासारखा आहे. तिची ओल टिकते आणि कस वाढतो. परंतु गोदाकाठच्या खोल काळ्या भारी जमिनीत, जेथे मुळातच पाणी निचरत नाही, तेथे आणखी चिकण माती घालणे म्हणजे रोग्यास पुन्हा तेच पथ्यबाह्य अन्न घालण्यासारखे आहे. ज्या तलावाच्या काठावर उन्हाळ्यात पांढरा क्षार फुललेला दिसतो, तेथील गाळ तर तपासल्यावाचून उचलूच नये. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे यांजकडे माती तपासण्याची सोय आहे. दोन शेर मातीचा नमुना तेथे नेण्याचा त्रास शे-दीडशे खेपांच्या खर्चापुढे काहीच नव्हे. गाळ पुरता सुकल्यावरच काढावा. ओला गाळ वाहणे म्हणजे निम्मे पाणीच वाहणे होय. शिवाय तो ट्रॉलीच्या पत्र्यास चिकटून बसतो आणि त्यापासून काय अनर्थ होतो, हे आता सांगावयाचे आहे.

ट्रॉली ही उपयुक्त आहे, तशीच ती घातकही आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांस कामावर घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि वसमत तालुक्यातील गुंज गावच्या सात स्त्रिया मरण पावल्या. दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नव्हे. परंतु ट्रॉली हे माणसे नेण्याचे वाहन नाही, हे ठरविण्यास आणखी किती जीव जावे लागणार आहेत, एवढे विचारण्याचा आम्हांस अधिकार आहे. 'सकाळी लवकर कामावर पोचावयाचे, रिक्षास पैसे कोण देणार' हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकतो. आमच्या शेतात खुरपणीस व काढणीस येणाऱ्या बायका या आमच्या विश्वासावर ट्रॉलीत चढतात. त्यांच्या भाड्याचे चार पैसे मजुरीत धरणे हे ज्यास जड वाटते, त्याने त्यांस आपल्या कामावर बोलावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मालाच्या वाहतुकीतही धोके थोडे नाहीत, आणि त्यांतील बहुतेक धोके यंत्र कसे चालते हे समजले तर टळण्याजोगे आहेत. दोन चाकांच्या ट्रॉलीचा थोडा भार दांडीवाटे ट्रॅक्टरवर असणे हितकर असते. परंतु माल सगळा पुढे लोटला तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात व सुकाणू हाती राहत नाही. सगळा मागे लोटला तर दांडी वर उचलली जाऊन मागच्या चाकांची पकड सुटते. माल ओतताना तर भार मागेच जातो. म्हणून जोडपिनीस खालून कडी किंवा खीळ असलीच पाहिजे. फाळका उघडल्यावाचून जॅक चढवू नये. गाळ चिकट असला म्हणजे खालचा भाग घसरून पडतो आणि वरचा तसाच चिकटून राहतो. अशा वेळी ट्रॉली मागे उलटते, आणि जमीन एका अंगास कललेली असली तर आडवी पडते. सपाट जागा पाहूनच ओतावे. चिकटलेला गाळ झटके देऊन सोडविण्याचा मोह आवरावा. डबा खाली घेऊन तो फावड्याने काढावा. डबा वर असताना तो विजेच्या तारेस लागून माणसे दगावू शकतात, म्हणून शेतावरून तार कोठून गेली आहे ते खेप सुरू होण्यापूर्वीच पाहून ठेवावे. आणि सर्वांत मोठी गोष्ट: उचललेल्या डब्याखाली केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही शिरू नये. जॅक हा तेलाच्या दाबावर उभा असतो. पाईप फुटला किंवा कोणी चुकून दांडा दाबला की क्षणात डबा खाली येतो. दुरुस्तीस शिरण्यापूर्वी भक्कम लोखंडी टेकू लावावा, आणि तो टेकू ट्रॉलीलाच साखळीने बांधून ठेवावा, म्हणजे 'आणावयास विसरलो' हे म्हणावयास जागा राहणार नाही.

ब्रेकची उणीव वर सांगितलीच आहे. ब्रासभर गाळ म्हणजे सुमारे चार टन; ट्रॉलीचे स्वतःचे वजन वेगळे. एवढा भार मागून रेटीत असता तो थांबविण्याचे सर्व काम एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकांवर पडते. तलावाच्या भिंतीवरून खाली उतरताना ट्रॉली ट्रॅक्टरास ढकलते, आणि त्याच वेळी वळण आले तर ट्रॅक्टर आडवा होऊन उलटतो. यावर पहिला उपाय फुकटाचा आहे: उतारावर गियर काढून मोकळे धावू नये, चढताना जो गियर लागला असता तोच टाकून उतरावे. दुसरा उपाय थोड्या खर्चाचा आहे: जुन्या आसाच्या चाकांस ब्रेक बसवून घ्यावे. ट्रकच्या मोडीतून आलेल्या आसास पुष्कळदा ब्रेकच्या थाळ्यांची जागा असते. चांगला मिस्त्री ते काम करू शकतो. तिसरा उपाय रात्रीच्या अपघातांवरचा आहे. मागे लाल व पुढे पांढऱ्या प्रकाशपट्ट्या आणि चालणारा मागचा दिवा यांवाचून ट्रॉली संध्याकाळनंतर रस्त्यावर आणू नये. बंद पडलेल्या ट्रॉलीमागे दगड लावून घरी निघून जाणे, ही आमच्या भागातील सवय म्हणजे मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास रचलेला सापळाच होय.

आणखी एका मोहाविषयी सावध करणे आमचे कर्तव्य आहे. ट्रॉली नीट झाली, जॅक चढू लागला, की रात्रीचे गिऱ्हाईक वाळूसाठी दारात येते. गोदावरी व मांजरा या नद्यांच्या काठी हे नवीन नाही. गाळाच्या योजनेत वाळू काढण्यास पूर्ण मनाई आहे. आणि विनापरवाना गौण खनिज उचलल्यास महसूल कायद्याखाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होतो व वाहन अडकते ते निराळेच. शिवाय शेतीकामाकरिता नोंदलेल्या ट्रॅक्टरने भाड्याने बांधकामाचा माल वाहिला आणि त्यात अपघात झाला, तर विमा नाकारला जाण्याचा प्रसंग येतो. एका रात्रीच्या भाड्यासाठी ट्रॅक्टर, ट्रॉली आणि प्रसंगी जमीनही पणाला लावणे हा हिशेब कोणत्याही वहीत बसणारा नाही. स्वतःच्या शेतासाठी गाळ, खत आणि माती ही जुन्या ट्रॉलीची हद्द आहे. त्या हद्दीत ती राहिली तर कोणी तिजकडे बोट दाखविणार नाही.

मग करावे काय? आमच्या वाडवडिलांनी सावड आणि इर्जिक या दोन रीती घालून दिल्या होत्या. एकाचे बैल व दुसऱ्याचे मनुष्यबळ मिळून दोघांचीही पेरणी होई. आणि गावाने एक दिवस एकाच्या शेतात राबून त्याचे अडलेले काम पार पाडावे, त्याने सर्वांस जेवू घालावे, यात कोणास कमीपणा वाटत नसे. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, परंतु सावडीची जागा कशानेच घेतली नाही. ट्रॉल्यांची सावड ही गोष्ट अशक्य आहे काय? गावातील सुस्थितीतल्या व दुरुस्त होण्याजोग्या ट्रॉल्यांची यादी पौषातच करावी. माघात जॅकचे सील, पाईप, टायर, जोडपीन, ब्रेक आणि दिवे यांची दुरुस्ती एकाच मिस्त्रीकडून एकदम करून घ्यावी. पाच ट्रॉल्यांचे काम एकत्र दिले तर दरही उतरतो. ग्रामसभेत तलावालगतच्या हलक्या जमिनींची यादी वाचून दाखवावी आणि ज्याची जमीन थोडी व बरड, त्याचा क्रम पहिला लावावा. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्याने डिझेलचे पैसे व पसरण्याचे श्रम द्यावे; अनुदान हाती आले म्हणजे ट्रॉलीवाल्याचा हिशेब चुकता करावा. खेपांची नोंद दोन वह्यांत, एक ट्रॉलीवाल्याची व एक शेतकऱ्याची, अशी ठेवली म्हणजे पुढे तंटा राहत नाही. फाल्गुन-चैत्रात सुरू झालेले काम वैशाखअखेर संपावे आणि मृगापूर्वी गाळ शेतात मिसळून जावा.

शासनासही आमची एक विनंती आहे. यांत्रिकीकरणाच्या योजनांचा सारा कल नव्या अवजाराच्या खरेदीकडे आहे. नवे घ्यावयास साहाय्य मिळते, परंतु आहे ते सुरक्षित करावयास मिळत नाही. म्हणून जुने मोडीत जाते व नव्यासाठी कर्ज निघते. जुन्या ट्रॉलीस ब्रेक, टेकू, दिवे व प्रकाशपट्ट्या बसवून ती तपासून घेणाऱ्या शेतकऱ्यास थोडेसे साहाय्य दिले, तर नव्या ट्रॉलीच्या अनुदानाच्या अल्पांशात अनेक जीव वाचतील आणि गाळाचे कामही पुढे सरकेल. गाळाचे अनुदान मात्र पावसाळा संपून पुढचा उन्हाळा येईपर्यंत अडून राहू नये. लहान शेतकऱ्याजवळ डिझेलसाठी उसने आणलेले पैसे असतात, आणि उसनवारीस व्याज असते, हे कागद पुढे सरकविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

ज्यांनी १९७२ साली डोक्यावर घमेली वाहून हे तलाव बांधले, त्यांतील पुष्कळ जण आता नाहीत. त्यांनी उपाशीपोटी उचललेल्या मातीवर आपण पन्नास वर्षे पाणी प्यालो. त्या तलावांतला गाळ काढण्यासाठी आपल्याला घमेले उचलावयाचे नाही. यंत्र उकरील आणि ट्रॉली वाहील. आपण फक्त एकत्र यावयाचे आहे, आणि जे वाहन आपण भंगारात घालीत होतो त्याची कड्याकुलुपे नीट करावयाची आहेत. येत्या हंगामात आमच्या सभासदांपैकी ज्या गावांनी ट्रॉल्यांची अशी सावड केली असेल, त्यांनी आपल्या खेपांचा, खर्चाचा आणि त्या शेतात पुढे आलेल्या पिकाचा तपशील आम्हांस अवश्य कळवावा. तो आम्ही या मासिकात आनंदाने छापू. एका गावाचा खरा हिशेब दुसऱ्या गावास जितके शिकवितो, तितके आमचे दहा लेखही शिकवीत नाहीत, हे आम्ही जाणून आहोत.